आठ अक्षरांचा शब्द

३ फेब्रुवारी १९९७

डायरी लिहिणारी माणसं मला कधीच पटली नाहीत. दिवसभर काही घडत नाही आणि संध्याकाळी त्याचंच वर्णन करत बसतात. माझी गोष्ट वेगळी. माझ्याकडे सांगण्यासारखं आहे आणि सांगायला मनाई आहे, म्हणून ही वही.

आज सबनीस साहेब, आमचे डायरेक्टर, डोंबिवलीच्या हेड ऑफिसातून बाळकुमच्या कारखान्यात आले आणि थेट माझ्या केबिनमध्ये शिरले. केबिन म्हणजे जुन्या स्टोअरला प्लायवूड ठोकून केलेली खोली. पण कारखान्यातला एकुलता एक एसी तिथे आहे, तोही माझ्यासाठी नाही, कॉम्प्युटरसाठी. साहेब आत आले तशा बाहेर वायर गुंडाळणाऱ्यांच्या माना वळल्या. वळू देत.

आमच्या इथे फोनची लाइन धड चालत नाही, म्हणून गेल्या वर्षी दोन्हीकडे पाण्याच्या टाकीवर अँटेना बसवले. खाडीवरून सरळ समोर डोंबिवली, मध्ये डोंगर नाही. इथे टाइप केलेलं तिथे उमटतं. वायर बनवणाऱ्या कंपनीचे निरोप वायरशिवाय जातात, ही गंमत कारखान्यात मला एकट्याला कळते. बाकीच्यांना वाटतं टाकीवर टीव्हीचा अँटेना लावलाय.

पण हवेतला निरोप वाटेत कुणीही पकडू शकतो. म्हणून तो पासवर्डने कुलूपबंद करून पाठवतात. रोजच्या माल-साठ्याचा पासवर्ड माझ्याकडे असतो. साहेब आणि आमचे वर्क्स मॅनेजर यांच्या खासगी निरोपांचा पासवर्ड वेगळा, तो त्या दोघांनाच ठाऊक.

"भोईर," साहेब म्हणाले, "हा दुसरा पासवर्ड कारखान्यातल्या कुणाला फोडता येईल का, ते मला बघायचंय. तुम्ही फोडून बघा. तुम्हाला जमलं नाही तर कुणालाच जमणार नाही."

खरंच आहे ते. बाळकुम गावातून बी.एस्सी. झालेला मी पहिला. कुणाला सांगू नका, ऑफिसात कागदावर काही ठेवू नका, असंही ते म्हणाले. आमच्यासारख्या कारखान्यात इतका पुढचा विचार करणारा माणूस आहे हे बघून बरं वाटलं.

५ फेब्रुवारी

हवेतून एक खासगी निरोप पकडून ठेवला. नुसता कचरा दिसतो. पण प्रत्येक निरोपाची सुरुवात कारखान्याच्या नावाने होते, त्यामुळे बरोबर शब्द लागला की मशीनला तो ओळखता येईल. मी प्रोग्रॅम लिहिला. तो एकेक शब्द लावून बघतो.

पासवर्ड आठ अक्षरी, इंग्रजी. निरोप कुलूपबंद करणाऱ्या डब्याला आठच अक्षरं चालतात, कमी नाही, जास्त नाही. आणि माझं मशीन म्हणजे जुनं थ्री-एट-सिक्स, हेड ऑफिसने वापरून वापरून आमच्या गळ्यात मारलेलं. सेकंदाला पाचशेच्या आसपास शब्द, त्यापुढे ते धापा टाकतं. आठ अक्षरांचे सगळे शब्द लावायचे तर तेरा वर्षं लागतील. तेव्हा माझे केस पांढरे झालेले असतील आणि साहेब रिटायर.

डोकं माझं आहे, पण डोक्याला हात-पाय लागतात. नवीन पेंटियम मिळाला तर दहा-बारा पट वेग येईल. मागणीचा कागद पाठवला.

७ फेब्रुवारी

वर्क्स मॅनेजरने हेड ऑफिसचा शेरा दाखवून कागद परत केला. "बाळकुमसाठी आता नवीन खरेदी नाही. आहे त्यात भागवा." यूपीएसची बॅटरी मेली आहे, ती तरी द्या म्हटलं. तीही नाही. फ्लॉपीचा एक डबा मागितला, तोही नाही. हेड ऑफिसात बसून चिंगूसपणा करायला काय जातं. सुरक्षितता पाहिजे विलायतेतली आणि मशीन भंगारातलं.

८ फेब्रुवारी

शेडमधलं वायर ओढायचं मोठं मशीन सुरू झालं की व्होल्टेज बसतं आणि माझा कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आज सकाळपासून चार वेळा. AAAAAAAA पासून पुन्हा AAAAAAAA. कुठवर आलो ते फ्लॉपीवर लिहून ठेवावं म्हटलं, तर खाडीच्या हवेने फ्लॉपीला बुरशी. शेडमध्ये जाऊन सांगितलं की तासभर मशीन बंद ठेवा. ऑपरेटर हसला. म्हणाला, "साहेब, त्या मशीनवर कारखाना चालतो. तुमच्या टीव्हीवर नाही."

ह्यांच्याशी बोलून काय उपयोग.

११ फेब्रुवारी

नोटीस बोर्डावर स्वेच्छानिवृत्तीची योजना लागली. माणसं जास्त झालीत, कमी माणसांत कारखाना आधुनिक करायचाय. वाजवी आहे.

संध्याकाळी नाथा घरी आला. नाथा मालूचा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा, आणि आमच्या युनियनचा सेक्रेटरी. शिक्षण नववी नापास, आवाज एम.ए.चा.

"भावजी, कुणी सही करायची नाय असं ठरलंय. त्या कागदात शेवटी काय हाय माहितेय? कंपनीवर आणि जमिनीवर काय हक्क नाय राहिला, असं लिहून द्यायचं."

"मग? नोकरी सोडणाऱ्याचा कसला हक्क?"

"जमीन आपल्या गावाची होती. कारखाना चालवणार म्हणून घेतली. कारखाना नसला तर जमीन का द्यायची त्यांना? सरळ हिशोब हाय."

"कारखाना नसला म्हणजे? तो काय पळून जाणारे?"

"तुम्ही त्या मशीनपाशी बसता. साहेब लोक काय बोलतात एकमेकांत, ते बघा ना जरा."

मी त्याला सांगितलं की दुसऱ्याची पत्रं वाचणं हे माझ्या संस्कारात नाही. आई आतून म्हणाली, "मना इचार. त्या बॉयलरच्या जागेवर आमचा भात व्हायचा." झालं. आईला दर वेळी तो भात आठवतो. तिच्या मते जगातला सगळ्यात चांगला तांदूळ त्या बॉयलरखाली गाडला गेलाय.

१५ फेब्रुवारी

शेवटी देव पावला. परवापासून व्होल्टेज एकदम स्थिर. मोठं मशीन ओव्हरहॉलिंगसाठी डोंबिवलीला नेलंय, त्याच्या मागोमाग आणखी दोन गेली. माझा प्रोग्रॅम दोन दिवस सलग चालला, एकदाही पडला नाही. साला, ह्या कारखान्यात मशीनं नसतील तरच काम होईल.

आज तिवईवर दुर्बीण घेतलेली दोन माणसं कंपाउंडमध्ये फिरत होती. वर्क्स मॅनेजर म्हणाले, गटाराचा उतार मोजतायत. नाथा गेटवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गटाराला चार कोपरे कधीपासून आले?" लोक हसले. ह्या माणसाला नळ दुरुस्त करायला आलेलाही सीआयडी वाटतो.

१९ फेब्रुवारी

साहेबांनी डोंबिवलीला बोलावलं. चहा, बिस्किटं, बंद दरवाजा.

"भोईर, तुम्ही इथे पाहिजे. हेड ऑफिसचं कॉम्प्युटर खातं तुमच्या हाताखाली देतो. फक्त कागदोपत्री बाळकुमची नोकरी आधी सोडावी लागेल. ही योजना आहेच, त्यातच सही करा. एप्रिलमध्ये इथलं नेमणुकीचं पत्र देतो. शिवाय तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाने सही केली की बाकीच्यांचीही भीती जाईल."

चार पानं, बारीक इंग्रजी. साहेब समोर बसलेले असताना वाचत बसणं बरं दिसलं नसतं. आणि वाचायचंय काय त्यात, सगळे कागद सारखेच असतात. पेन त्यांचंच होतं, सोनेरी.

पहिली सही माझी. कुणीतरी सुरुवात करायलाच हवी होती.

मालूला सांगितलं. ती म्हणाली, "नेमणुकीचं पत्र आधी का नाही दिलं?" तिला ऑफिसची पद्धत समजावून सांगायला बसलो तर दूध उतू गेलं.

२० फेब्रुवारी

माझ्या सहीच्या पानाची झेरॉक्स नोटीस बोर्डावर लावलीय. दुपारी कॅन्टीनमध्ये मी बसलो त्या बाकावरचे तिघे उठून गेले. मत्सर. माझ्या जागी ते असते तर साहेबांनी ह्यांना कुठे बसवलं असतं? गेटवर.

२४ फेब्रुवारी

गेले चार दिवस विचार केला. मशीन हळू आहे तर मशीनला कमी काम द्यायचं. माणूस काही AAAQXZPT असा पासवर्ड ठेवत नाही, लक्षात राहील असाच ठेवतो. आधी देव लावून बघितले. पण आपल्या लोकांचा देव एक आणि स्पेलिंगं चार. GANPATI सात अक्षरी, चालत नाही. GANAPATI आठ. मग GANPATEE, GUNAPATI, जमतील तेवढी रूपं लावली. सबनीसांचं कुलदैवत मंगेशी, MANGESHI बरोबर आठ, मला खात्रीच होती. नाही. साहेबांची मुलगी, बायको, गाव, सगळं झालं. नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. आठ म्हणजे चार अधिक चार. चार अक्षरांचे सोपे शब्द एकत्र केले की झालं. खिशातली डिक्शनरी घेऊन दिवसभर तसे शब्द टाइप करत बसलो, दोनेक हजार झाले. प्रत्येकाला प्रत्येक जोडायचा. तेरा वर्षांचं काम जेवणापासून चहापर्यंत होईल. ह्याला म्हणतात डोकं. पेंटियम गेला खड्ड्यात.

२५ फेब्रुवारी

फुटला.

दुपारी जेवून आलो तर पडद्यावर शब्द थांबलेला. LAKEVIEW. पाच मिनिटं नुसता बघत बसलो. ह्या थ्री-एट-सिक्सवर, ह्या हवेत, बुरशीच्या फ्लॉपीवर. सगळ्या कारखान्याला बोलावून दाखवावंसं वाटलं, पण त्यांना त्यातलं कळलं असतं काय?

शब्द मात्र अगदीच बालिश. लेकव्ह्यू. बाळकुममध्ये कुठलं आलंय लेक? बॉयलरमागे आग विझवायच्या पाण्याचं डबकं आहे, त्यात दुपारच्या म्हशी बसतात. साहेब मे महिन्यात नैनितालला जाऊन आले होते, त्या हॉटेलचं नाव असणार. मोठ्या माणसांना पासवर्ड म्हणजे सहलीचा फोटो वाटतो.

निरोप पुढे उघडत होता. पहिली ओळ दिसताक्षणी मी पडदा बंद केला. मला फोडायला सांगितलं होतं, वाचायला नाही.

२६ फेब्रुवारी

साहेबांना फोन केला. शब्द सांगितला.

"तुम्ही वाचलंत?"

"नाही सर. नियमात बसत नाही."

"काहीच नाही?"

"सुरुवातीची ओळ, तीही खूण पटवण्यापुरती."

"शाब्बास," ते म्हणाले. पण सुरात दम नव्हता. स्वतःचा पासवर्ड इतका पोरकट निघाला म्हणून ओशाळले असतील. मी सल्ला दिला की पुढचा पासवर्ड अर्थ नसलेला ठेवा, अर्थ आला की माणूस पकडला जातो. ते म्हणाले, "बरोबर आहे, भोईर."

२७ फेब्रुवारी

आता पासवर्ड बदलला, म्हणजे जुना शब्द काही गुपित राहिला नाही. रात्री जेवताना मालूला गंमत म्हणून सांगितला. डायरेक्टर माणूस आणि शब्द काय, तर लेकव्ह्यू.

तिने भात वाढता वाढता हात थांबवला. "अहो, हे बिल्डिंगचं नाव आहे."

"कसली बिल्डिंग?"

"घोडबंदर रोडला नाही का पाट्या लागल्यात? जिथे टेकडी फोडली तिथे हिल व्ह्यू. जिथे झाडं तोडली तिथे ग्रीन व्ह्यू. मग आपल्या डबक्याचं लेक व्ह्यू होणार ना."

मी हसलो. रिक्षातून पाट्या वाचणाऱ्या बाईने मला पासवर्डचा अर्थ शिकवायचा. तिला सांगितलं की कोड ही एक शास्त्रीय गोष्ट असते. ती जेवण अर्धं टाकून उठली, नाथाकडे कालवणाचं भांडं परत करायचं राहिलं म्हणाली, आणि गेली. भांड्याची एवढी घाई.

१ मार्च

आज गेटवर तमाशा. वर्क्स मॅनेजरची गाडी आत येत होती, तिच्यासमोर नाथा उभा राहिला. हात जोडून, अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब, लेकव्ह्यूमध्ये आम्हाला कुठला मजला?"

वर्क्स मॅनेजरचा चेहरा मी स्वतः बघितला. पांढराफटक. त्यांनी काच वर केली आणि गाडी मागे घेतली. मागे दोनेकशे माणसं उभी होती, ती बघत राहिली. मग एकेक जण नाथाकडे जायला लागला.

मला त्या तमाशाशी देणंघेणं नाही. माझ्या डोक्यात एकच प्रश्न आहे, हा शब्द नाथाला कुणी फोडून दिला? त्याचं डोकं नाही ते. म्हणजे कारखान्यात आणखी कुणीतरी बसलंय. नक्कीच कुणाकडे तरी पेंटियम आहे.

३ मार्च

साहेबांचा फोन. आवाज थंड. "भोईर, तुम्ही कुणाकुणाला सांगितलंत?"

"कुणालाही नाही सर. बाहेरच्या कुणीतरी फोडला असणार. त्याच्याकडे माझ्यापेक्षा वेगवान मशीन आहे. मी शोधून काढतो."

त्यांनी फोन ठेवला. निरोप न घेता फोन ठेवायची त्यांची सवय नाही.

एकाही माणसाने सही केलेली नाही. नाथाने गावातून जमिनीचे जुने करार गोळा केलेत, कारखान्यासाठीच जमीन दिली असं त्यात आहे म्हणतात. युनियनचा वकील लेबर ऑफिसात गेलाय. कंपनीला आता गावाशी बोलावं लागणार म्हणतात. म्हणू देत.

१० मार्च

डोंबिवलीला गेलेलो. एप्रिलची वाट कशाला बघायची, म्हटलं खातं तरी बघून येऊ. वॉचमनने नाव विचारलं, यादीत बघितलं, नाही म्हणाला. मी म्हटलं, मी इथल्या कॉम्प्युटर खात्याचा होणारा मुख्य. तो म्हणाला, "ते साहेब मागच्या आठवड्यात जॉइन झाले." काचेतून बघितलं. टेबलावर नवा कोरा पेंटियम, त्याच्यासमोर एक अनोळखी माणूस, टाय लावलेला.

सबनीस साहेब मीटिंगमध्ये होते. दुपारी जेवायला बाहेर पडले तेव्हा मी जिन्यात उभा होतो. त्यांनी बघितलं. "तुमचं तर झालंय ना सगळं, भोईर? सही केलीत ना?" एवढंच म्हणाले आणि गाडीत बसले.

घरी येऊन मालूला सगळं सांगितलं. म्हटलं, ज्या हरामखोराने पासवर्ड फोडला त्याच्यामुळे साहेब माझ्यावर उखडले. तो मला सापडू दे फक्त.

ती चूल पुसत होती. तशीच पुसत म्हणाली, "मी सांगितलं नाथाला. भांडं परत करायला गेले तेव्हा."

मी तिला खूप बोललो. इथे लिहिण्यासारखं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, "मी सांगितलं नसतं तरी तुमची सही झाली होती."

तेवढ्यात आईने पाणी मागितलं, ते द्यायला उठलो.

१८ मार्च

आठ दिवस काही लिहिलं नाही. सहीप्रमाणे माझी नोकरी संपली, घरात बसलोय. कारखान्यात बाकी सगळे हजेरीवर आहेत, मशीनं नसली तरी गेटवर बसतात, पगार चालू आहे. बोर्डावर माझी झेरॉक्स तशीच आहे, कुणी काढली नाही आणि कुणी फाडलीही नाही.

२१ मार्च

नाथा आला. मला वाटलं खिजवायला आला असेल, मी तयारच होतो. तो चप्पल काढून खाली बसला. म्हणाला, लेबर ऑफिसात सगळ्यांच्या बरोबर तुमचंही नाव घालू शकतो. पण तुमची सही रद्द व्हायला पाहिजे. वकिलाने मजकूर दिलाय, तो स्वतःच्या हाताने लिहून द्यायचा.

मजकूर वाचला. "सदर कागदाचा अर्थ मला समजला नव्हता. माझी दिशाभूल करून माझी सही घेण्यात आली."

"समजला नव्हता असं कसं लिहू? मी बी.एस्सी. आहे."

"म्हणून तर लिहायला लागतंय भावजी. बाकीच्यांनी सही केलीच नाय."

मी म्हटलं, वकिलाचं मराठी कच्चं आहे, "पुरेशा माहितीअभावी" असं लिहू या. नाथा म्हणाला, तसं चालणार नाय असं वकील बोलतो. "घाईगडबडीत" लिहू? ते पण चालणार नाय. "साहेबांवर विश्वास ठेवून"? नाथाने मान हलवली. वकिलाने सांगितलंय, एकतर माणसाला समजलं होतं किंवा नव्हतं. समजलं असेल तर सही खरी.

तो चहा पिऊन गेला. उद्या सकाळी कागद घ्यायला येतो म्हणाला. जाताना मालूला म्हणाला, "त्यांना त्रास देऊ नको गं."

मला दया करणारा नाथा. हे एवढं बघायचं राहिलं होतं.

२२ मार्च

पहाटे उठलो. तीन कागद वाया घालवले. दोन ओळी आहेत, पोर लिहील अशा. तेरा वर्षांचं काम चहापर्यंत केलं होतं मी.

शेवटी लिहिलं, जसं वकिलाने दिलंय तसं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. खाली सही.

मालू म्हणाली, "मोठ्याने वाचा. आईंच्या बापजाद्यांची जमीन आहे, त्यांनाही ऐकू दे."

आई दारात येऊन बसली. मी वाचलं.

आईला कागदाची भाषा नीट कळली नाही. तिने विचारलं, "म्हंजे तुना ठावंच नव्हता?"

"नव्हतं, आई," मी म्हणालो.